नोराच्या हातावरचे दही

लोणी भापकर

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने बोटीपासून सुरुवात करायची असते, असे दिसते. मला मात्र मेंढरांपासून करावी लागेल, त्याशिवाय पुढचे काही कळायचे नाही.

आमचे घर मेंढरांचे. दसरा झाला की वडील आणि चुलते मेंढरे घेऊन लोणी भापकरहून निघत, घाट उतरून कोकणात जात आणि पाऊस तोंडाशी आला की परत येत. पुढे थोरला भाऊ जाऊ लागला. त्याला आम्ही आबा म्हणतो. त्यामुळे माणसांचे जाणे-येणे ही आमच्या घरात बातमीच नव्हती. निघणाऱ्याच्या तळहातावर आई दही घालायची, तो ते चाटून ‘येतो’ म्हणायचा, आणि खरेच यायचा. चुकून कोणी ‘जातो’ म्हणाला तर त्याची धडगत नसे. एकदा चुलत्याच्या तोंडून तसे निसटले, तेव्हा कळप ओढ्यापलीकडे गेलेला असताना आईने त्याला हाका मारून परत आणले आणि उंबऱ्याशी उभे करून पुन्हा म्हणायला लावले. मेंढरे तोवर कोणाच्या तरी हुलग्यात शिरली होती आणि त्यावरून वर्षभर बोलणी खावी लागली, ते वेगळेच.

आमच्यातला एकच जण आला नाही. मधला भाऊ सोपान चौदा सालच्या मोठ्या लढाईच्या वेळी खेचरांमागे चाकरीला म्हणून बसऱ्याला गेला. मी तेव्हा लहान होतो. लढाई संपली, शेजारच्या गावांतले लोक परतले, सोपान आला नाही. मेला असेही कोणी सांगितले नाही. आई त्याचे नाव काढत नसे, म्हणून आम्ही समजलो की तिने ते दुःख गिळून टाकले.

मी पुण्याला शेतकीचे शिक्षण घेतले आणि इंदापूर तालुक्यातल्या एका नव्या साखर कारखान्यात लागलो. वडील वारल्यावर आबाने मेंढरे मोडली. माळेगावला कालव्याखाली जमीन केली, घर बांधले, बायको-पोरे तिकडे नेली. ऊस, वांगी, मिरची, जे लावावे ते हसत येते. इकडे लोणीच्या विहिरीला उन्हाळ्यात घागर बुडत नाही. पण आई लोणीतून हलेना.

“आगं, तितं दारातनं पाणी वाहतंय,” आबा म्हणायचा.

“वाहू दे की.”

“हितं काय हाय तुजं?”

“हाय,” एवढेच ती म्हणायची आणि जात्याकडे वळायची.

तालुक्याच्या कोरड्या अंगाची निम्मी माणसे कालव्याकडे सरकली. मोरगावकडचे लोक आले, माणदेशातले आले. आमची आई तेवढी भरल्या ताटाकडे पाठ करून बसली. आबा दर बाजाराच्या दिवशी तिच्याकडे बैलगाडीतून धान्य न्यायचा आणि दर वेळी भांडून परत यायचा.

अशात छत्तीस साली कारखान्याने मला आयर्लंडला पाठवायचे ठरवले. त्या देशात बीटापासून साखर करायचे नवे कारखाने निघाले होते, तिथली यंत्रे बघून यायची होती. माझीच निवड का झाली ते मला अजून कळलेले नाही. धनगराचा आहे, थंडीने मरणार नाही, असा काहीतरी हिशेब असावा.

निघताना आबा म्हणाला, “परत आलास म्हंजी म्हातारीला तूच समजाव. शिकल्याला हायस, तुजं ऐकंल. माज्यानं आता व्हत न्हाय.”

आईने तळहातावर दही घातले आणि एक काळी घोंगडी खांद्यावर टाकली. मी ‘येतो’ म्हणालो. बारामतीहून छोटी रेल्वेगाडी सुटली तशी उसाची रोपे मागे गेली, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मी खिडकीतून मान आत घेतली नाही.

डब्लिनचा धक्का

समुद्राचे वर्णन मी करत नाही. तो पुष्कळ होता आणि मी बहुतेक वेळ आडवा होतो.

इंग्लंडातून आयर्लंडला जाणारी बोट पहाटे डब्लिनजवळच्या धक्क्याला लागली. आमची बोट अर्धी रिकामी. गुरांचे व्यापारी, दोन पाद्री, काही म्हाताऱ्या. संध्याकाळी मी पुन्हा सहज त्या धक्क्यावर फिरायला गेलो, तर तीच बोट उलट निघाली होती आणि तिच्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी तरणी पोरे आणि पोरी. दोरीने बांधलेल्या पेट्या, डोक्यावर नव्या टोप्या. त्या टोप्यांच्या आत अजून दुकानाचा कागद असावा, इतक्या त्या ताठ होत्या.

आम्हा मेंढरेवाल्यांना एक खोड असते. कळप दिसला की तो कुठून आला नि कुठे निघाला हे आधी बघायचे. मी विचार केला, हे कोकणात उतरलेले लोक आहेत, पाऊस आला की परत येतील. शेजारी उभ्या असलेल्या हमालाला विचारले, हे परत कधी येतात. त्याने माझ्याकडे असे बघितले की मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

बीटाचे गाव

कारखाना पश्चिमेकडे, गॉलवे परगण्यात एका लहान गावाच्या कडेला होता. बीट म्हणजे आपल्या मुळ्याचा आडदांड भाऊ. मातीने भरलेला, पांढरट, खायला घ्यावासा न वाटणारा. शेतकरी तो गाढवांच्या आणि घोड्यांच्या गाड्यांतून आणत आणि दाराशी गाड्यांची रांग लागे. तो वास मात्र आपलाच. रस उकळू लागला की मी डोळे मिटून घेई, आणि दोन क्षण इंदापूरच्या माळावर उभा असे. डोळे उघडले की पाऊस.

तिकडचा पाऊस आपल्यासारखा गाजावाजा करून येत नाही. बसल्या बसल्या भिजवतो. म्हणून मी कोटावरून घोंगडी घेऊ लागलो. कारखान्यातली पोरे हसली, गाड्यांच्या रांगेतले शेतकरीही हसले. एक म्हातारी मात्र हसली नाही. ती गाडीवरून उतरली, घोंगडीचा काठ बोटांत चोळून बघितला आणि म्हणाली, “ही लोकर कुठल्या मेंढीची?”

मी सांगितले, आमच्याकडच्या काळ्या मेंढीची. आईनेच कातलेली.

“सूत घट्ट आहे,” ती म्हणाली. “रविवारी ये, माझ्या मेंढ्या बघ.”

अशी माझी मावशीशी ओळख झाली. तिचे खरे नाव होते, पण आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. मावशी म्हणजे आईची बहीण असे मी तिला समजावून सांगितले, तेव्हा तिला ते आवडले आणि दोन रविवारांत सगळे शेजारीही तिला मावशी म्हणू लागले. त्यातल्या कोणालाही तो शब्द नीट म्हणता येत नव्हता.

मावशीचे घर

गवताने शाकारलेले बुटके घर, दोन खोल्या आणि मध्ये चूल. चुलीत लाकूड नाही. दलदलीतून खणून काढलेल्या काळ्या मातीच्या वड्या वाळवून जाळतात. मला आमच्या चुलीतल्या शेण्यांची आठवण झाली. धूरही तसाच डोळ्यांत जाणारा. जेवायला सालासकट उकडलेले बटाटे, मीठ आणि ताक. ताक बघून मला इतका आनंद झाला की मी तीन पेले प्यालो आणि मावशीने चौथा न विचारता भरला.

घरात ती आणि तिची धाकटी मुलगी नोरा, दोघीच. नवरा वारलेला. चार मुले अमेरिकेला गेलेली, एक मुलगी तालुक्याच्या गावी दिलेली. शेजारच्या घरात दीर राहत असे, मार्टिन. हा मार्टिन अमेरिकेत गिरणीत होता आणि गिरणी बंद पडल्यावर परत आलेला. पाईप ओढत तो आपल्या देशाची हकीकत सांगायचा.

“मी पोरगा होतो तेव्हा सगळ्या बोटींची तोंडं पश्चिमेला,” तो म्हणाला. “गावात लग्नापेक्षा निरोप जास्त. मग अमेरिकेचं दिवाळं वाजलं आणि माझ्यासारखे मागं आले. दोनेक वर्षं अशी गेली की जाणारे थोडे आणि येणारे जास्त. पाद्रीबोवांनी चर्चमध्ये देवाचे आभार मानले. आम्हाला वाटलं, झालं, आता देश भरणार.”

“मग?”

“मग बोटींनी तोंड फिरवलं, एवढंच. आता पूर्वेला जातात, इंग्लंडला. यंदा सरकारनं शिरगणती केली, पुन्हा माणसं कमीच भरली. मी एकटा परत येऊन काय भर पडणार?”

नोरा हे ऐकत ताक घुसळत होती. ती वीस-एकवीसची असावी, हसरी, खांद्याने मजबूत. तिला इंग्लंडात इस्पितळात काम मिळणार होते आणि केव्हातरी जाणार हे सगळ्यांना ठाऊक होते. दिवस ठरलेला नव्हता, निदान मला माहीत नव्हता. ती गेली की मावशी मेंढ्या विकणार, घराला कुलूप लावणार आणि तालुक्याच्या गावी लेकीकडे राहायला जाणार, असेही ठरले होते. लेकीचे घर पक्के होते, नळ होता, खाली दुकान होते.

परतताना मी रस्त्याकडेची घरे बघत आलो. कितीतरी घरांना कुलपे होती. गवताचे छप्पर मधोमध खचलेले, दारात खाजकुयरीसारखी झाडे माजलेली. लोणीतले आमचे घर डोळ्यांपुढे आले, त्यात एकटी आई, आणि मला घरची इतकी ओढ लागली की मी रस्त्यावर थांबून नाक शिंकरायचे सोंग केले.

माझी अंघोळ

नोव्हेंबरातली गोष्ट. त्याआधी थोडे दिवस मार्टिन मला गावातल्या एका मयताला घेऊन गेला होता. तिकडे प्रेताभोवती शेजारी रात्रभर बसतात. तंबाखू आणि मातीचे पाईप वाटतात. एक-दोन म्हाताऱ्या डोलत डोलत गेलेल्याचे नाव घेऊन सूर लावून रडतात. आमच्याकडेही बाया असेच रडतात, त्यामुळे भाषा कळली नाही तरी मला सगळे कळले.

एका संध्याकाळी मी नेहमीसारखा मावशीकडे गेलो. पाचलाच काळोख झाला होता. घराबाहेर गाड्या उभ्या, दारात माणसे. आत शिरलो तर तेच. पाईप, तंबाखू, काळे कपडे. चुलीजवळ बायांचा घोळका, त्यात मावशी पदराऐवजी शालीने तोंड झाकून डोलत होती, आणि एक म्हातारी रडत गात होती. तिच्या गाण्यात दर थोड्या वेळाने एक नाव येत होते, नोरा.

नोराला आठवड्यापूर्वी खोकला झाला होता. पलीकडच्या खोलीचे दार बंद होते, तिला तिथेच ठेवले असणार असे मी धरले.

मी दाराशी बसलो. मार्टिनने माझ्या हातात पाईप दिला आणि खांदा दाबला. परक्या देशातले मरण आपल्या मरणापेक्षा वेगळे नसते. मला भरून आले. आपल्याकडे मयताच्या घरून उठताना ‘येतो’ म्हणायचे नसते. तिथे पुन्हा येण्याचे कारण पडू नये म्हणून मुकाट्याने उठायचे, कोणाकडे बघायचे नाही, चालू लागायचे. मी तसाच उठलो. मागे कोणी हाक मारल्यासारखे वाटले, पण अशा वेळी वळून बघू नये म्हणून वळलो नाही.

बिऱ्हाडी पोचलो तो सुतकाची अंघोळ केल्याशिवाय घरात कसे शिरायचे हा प्रश्न आला. अंगणात हातपंप होता. घरमालकीण बाहेर आली तेव्हा मी नोव्हेंबरच्या थंडीत लंगोटावर पंपाखाली बसलो होतो आणि एका हाताने दांडा मारत होतो. बाई घाबरली. तिने माझ्यावर सतरंजी टाकली, मला ओढत आत नेले आणि गरम दूध पाजून खोलीचे दार बाहेरून लावून घेतले. मी तिला कारण सांगितले नाही. माझे दातच एकावर एक राहत नव्हते.

स्टेशन

सकाळी मी काळा टाय बांधून अंत्यविधीला निघालो. गावाच्या तोंडाशी मावशीची गाडी समोरून येताना दिसली. मार्टिन हाकत होता, मावशी शेजारी, मागे शेजारपाजारची माणसे पायी. आणि गाडीत, दोरीने बांधलेल्या पेटीवर, डोक्यावर नवी ताठ टोपी घालून नोरा बसली होती.

माझ्या तोंडून आपल्या भाषेत काय निघाले ते लिहिण्यासारखे नाही.

“काल एक शब्द न बोलता उठून गेलात,” नोरा म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. “मी तुम्हाला हाक मारली. मी काय केलं होतं तुमचं?”

“मला वाटलं तू मेलीस,” मी म्हणालो. दुसरे काही सुचलेच नाही.

मार्टिन हसायला गेला आणि मध्येच थांबला. मावशी मात्र शांतपणे म्हणाली, “मग बरोबरच वाटलं तुला. आमच्याकडे असंच करतात. जाणारा मेला असं धरायचं, शेजारी गोळा करायचे आणि रात्रभर रडून घ्यायचं. सकाळी पोचवून यायचं आणि कामाला लागायचं. अमेरिकेला गेलेल्या चौघांचं असंच केलं. लोक म्हणाले, इंग्लंड जवळ आहे, आता एवढं कोण करतं. पण मला ते नीट करायचं होतं. एकदा रडलं की मोकळं.”

“मलाही रडून घेतलं होतं,” मार्टिन म्हणाला. “मी परत आलो तेव्हा माझ्या आईला कळेना माझ्याशी काय बोलावं.”

मला राग आला. जिवंत पोरीचा शोक करायचा, ही काय रीत झाली? मी रस्त्यातच बोलू लागलो. आमच्याकडे काय करतात, दही कसे घालतात, ‘जातो’ कोणी म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात, आणि घाट उतरून गेलेला माणूस येतोच. मी इतका बोललो की मागची माणसे जवळ येऊन ऐकू लागली. माझे इंग्रजी त्या दिवशी फार चांगले झाले होते.

मावशी ऐकत होती. म्हणाली, “मग तुमच्या रीतीनं कर.”

घरमालकीण भाकरीसारखा जाड पाव करताना घट्ट आंबलेले दूध वापरत असे. मी धावत जाऊन वाटीभर घेऊन आलो. बाईने ते मुकाट्याने दिले. कालच्यानंतर ती मला नाही म्हणण्याच्या पलीकडे गेली होती.

गाडी फलाटावर उभी होती. नोराने हातमोजा काढला. मी तिच्या तळहातावर ते दही घातले, तिने चाटले, तोंड वाकडे केले आणि रात्रभर रडलेली पोरगी एकदम हसली. मी सांगितला तो शब्द तिने दोनदा म्हणून बघितला. तिसऱ्यांदा आईकडे बघून म्हणाली, “येते.” गाडी हलली तरी ती खिडकीतून तेच म्हणत होती.

गाडी गेली. फलाटावर कोणी रडले नाही. मावशी रुळांकडे बघत होती.

“आणि येतात?” तिने विचारले.

मला सोपान आठवला. तो निघाला तेव्हा मी आईच्या लुगड्याला धरून उभा होतो, त्याच्या मनगटावरून ओघळलेले दही त्याने बंडीला पुसले, ते आठवले.

“येतात,” मी म्हणालो.

ती परतताना मार्टिनला म्हणाली, “मेंढ्या विकू नकोस. मी लेकीकडे जात नाही.”

पुढच्या रविवारी गेलो तर घरात चूल पेटलेली, दार लोटलेले, नोराचा बिछाना झटकून घातलेला. मला फार बरे वाटले. एक कुलूप तरी मी वाचवले, असे मी त्या हिवाळ्यात स्वतःला पुष्कळदा सांगितले. पाऊस पडो की बर्फ, मावशी दुपारी स्टेशनच्या वाटेच्या वळणापर्यंत चालत जाते, असे मार्टिन मला सांगत असे. पूर्वी ती असे कधी करत नव्हती. मी म्हणालो, चालणे तब्येतीला चांगले.

फेब्रुवारीत माझे काम संपले. मावशीने माझ्या हातावर तसेच दही घातले. तिने बोटाने ते सारखे केले, अगदी आईसारखे. मी ‘येतो’ म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

पुन्हा लोणी भापकर

बारामतीला छोटी गाडी पोचली तेव्हा उन्हे चढली होती. गुळाचा वास आला, धूळ नाकात गेली आणि मी त्या धुळीला नमस्कार करायचे तेवढे बाकी ठेवले. आबा गाडी घेऊन आला होता. वाटेत त्याने पहिली आठवण करून दिली ती आईला समजावण्याची.

जेवणे झाल्यावर तिघे ओट्यावर बसलो. आबाने मला डोळ्याने खूण केली. मी एकदम विषय काढला नाही. आधी तिकडच्या गमती सांगू, आई जरा हसली की मग माळेगावचे काढू, असा बेत होता. पंपाखालच्या अंघोळीला ती खूप हसली. मग मी तिकडची रीत सांगितली, जिवंत माणसाला रडून घेतात ती, आणि आपली रीत मी कशी शिकवली तेही जरा छाती फुगवून सांगितले.

आई हसायची थांबली होती.

“पोरगी ‘येते’ म्हणली?”

“व्हय. तीनदा म्हणाली.”

“मग आता ती बाई कशी हलंल घरातनं?”

आबा वैतागला. त्याला वाटले, गोष्ट भलतीकडेच चालली. “आगं, ती तिचं बघंल. तू सांग. तू कुणासाठी बसलीयास हितं? माळेगावचं घर काय खायाला उठतंय तुला?”

आईने पदराने हात पुसले. म्हणाली, “सोपाना ‘येतो’ म्हणून गेलाय.”

आबाने माझ्याकडे बघितले.

“त्यानं माळेगावचं घर बघितलंय व्हय? हितं यील. हितं कुलूप बघून कुटं हुडकत फिरंल?” हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, भाकरी किती थापायच्या ते सांगावे तशी.

इतकी वर्षे आम्ही समजत होतो की ती विसरली. ती रोज दार लोटून झोपत होती, आणि आम्ही म्हणत होतो की म्हातारी विसराळू झाली, कडी लावायची राहते.

मला मावशीचे लोटलेले दार दिसले. वळणापर्यंत जाऊन परत येणारी ती, शाल डोक्यावर घेतलेली. तिच्याकडे रडून मोकळे होण्याची रीत होती. त्या रीतीने तिने चार मुले पोचवली आणि बटाटे काढले, मेंढ्या राखल्या, रात्री झोपली. पाचव्या वेळी मी मध्ये पडलो आणि तिच्या पदरात वाट बघणे टाकून आलो. ते मी प्रेमानेच केले. आईने सोपानच्या हातावर दही घातले तेही प्रेमानेच. कोणती रीत बरी, हे मला तिथे कळले नव्हते आणि अजूनही सांगता येत नाही. एवढेच कळते की आईला वाट बघायला कोणीतरी दिलेला शब्द आहे, आणि तो तिच्याकडून काढून घेणारा मी कोण?

आबाने त्यानंतर माळेगावचे नाव काढले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो लोणीच्या घराच्या धाब्यावर चढला आणि छपरावर नवी माती टाकू लागला. मी खालून मातीने भरलेल्या पाट्या दिल्या.

दुपारी मला कारखान्यावर इंदापूरला निघायचे होते. आई वाटी घेऊन उंबऱ्याशी आली. तळहातावर दही घातले. मी चाटले, आणि ‘येतो’ म्हणायला तोंड उघडले, पण आधी तीच बोलली.

“त्या बाईचा निरोप घिऊन आलास न्हवं?”

“व्हय.”

“काय म्हणून आलास?”

मी तळहाताकडे बघत राहिलो. “येतो म्हणून,” मी म्हणालो.

आईने रिकामी वाटी पदराखाली घेतली.

“मग जा की येकदा,” ती म्हणाली. “वाट बघत आसंल.”